एक ताट, आठ माणसं

गुढी उभारून झाल्यावर सांगू, असं चंद्रहासांनी सकाळी सव्वासातला ठरवलं, आणि त्यांच्या आयुष्यातल्या बऱ्याच निर्णयांसारखा हाही ठरवताना त्यांना अत्यंत समंजस वाटला.

मेल भास्करचा होता. वॉलॉंगॉंगचा भास्कर, पोलाद कारखान्यातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी रिपोर्ट लिहायची सवय न सुटलेला. पाचच दिवसांपूर्वी तो बायकोला, पद्माला, घेऊन बालीहून परतला होता. तिथे ते दोघं उतरले होते चंद्रहासांच्या मुलाकडे, अवधूतकडे, पाहुणे म्हणून, रीतसर बुकिंग करून. मेल असा होता:

“विषय: बुकिंगच्या अटी, कलम नऊ. एक, काल संध्याकाळी कोरोनाचा रिपोर्ट आला. पॉझिटिव्ह. दोन, पद्मा निगेटिव्ह, पण माझ्याशी बोलत नाही. तीन, ताप एकशे एक, खोकला कोरडा. चार, तोंडाला चव शून्य. शेजारणीनं दाराशी ठेवलेलं लिंबाचं लोणचं खाल्लं, पुठ्ठा चावल्यासारखं लागलं. पाच, एकोणीस तारखेच्या ताटाला अवधूत माझ्या डाव्या हाताला होता. कृपया त्याला कळवणे. पाडव्याच्या शुभेच्छा.”

कलम नऊ चंद्रहासांनीच लिहिलेलं होतं. परत गेल्यावर चौदा दिवसांत पाहुणा आजारी पडल्यास त्यानं चोवीस तासांत लेखी कळवावं. एका बोटीच्या सहलीच्या फॉर्मवरून उचललं होतं, आठ कलमं फार थोडी दिसतात म्हणून. ते कुणी पाळेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

त्यांनी मेल दोनदा वाचला. मग खिडकीतून परसात पाहिलं. सिडनीच्या टूनगॅबी उपनगरातल्या त्या घराच्या परसात कपडे वाळत घालायचं गोल फिरणारं लोखंडी झाड होतं आणि गेली एकवीस वर्षं पाडव्याची गुढी त्यालाच बांधली जात होती. वारा आला की गुढी सावकाश चारी दिशांना तोंड करायची. बायकोनं, सुनेत्रानं, काठी धुऊन ठेवली होती, गाठी काढली होती, कडुनिंब म्हणून देशी दुकानातली पावडर वाटीत कालवली होती. मुलगी कौमुदी वॉलॉंगॉंगहून गाडीनं निघाली होती. ती आल्याशिवाय गुढी उभारायची नव्हती.

वर्षाच्या पहिल्या सकाळी असलं काही तोंडातून काढू नये, हे चंद्रहासांच्या आईनं त्यांना शिकवलं होतं. ती गेल्यालाही आता बारा वर्षं झाली, पण काही माणसांचा धाक अंतरानं आणि मरणानं कमी होत नाही. दोन तासांनी काय बिघडणार आहे, असं ते मनाशी म्हणाले. आणि भास्करला उत्तर पाठवलं: “मेल मिळाला. नोंद घेतली आहे. लवकर बरे व्हा. नूतन वर्षाभिनंदन.”

कौमुदी सव्वानऊला आली. दारातच थांबून तिनं हाताला सॅनिटायझर चोळलं, आईला लांबूनच नमस्कार केला. ती तिथल्या इस्पितळात फिजिओथेरपिस्ट होती आणि गेल्या आठवड्यापासून घरच्यांकडेही पेशंटकडे पाहावं तशी पाहत होती.

“मिठी नाही, आई. Sorry. आणि टॉयलेट पेपर मिळाला नाही. तीन दुकानं पालथी घातली.”

“पाडव्याला काय पण आणतेस गं,” सुनेत्रा म्हणाली.

गुढी उभी राहिली. कडुनिंबाची गोळी सगळ्यांनी तोंड वाकडं करून गिळली. मग चंद्रहासांनी घसा साफ केला आणि सांगितलं. कलमांसकट.

गुढीनं कुरकुरत अर्धी गिरकी घेतली.

“अवधूतच्या बाजूला?” सुनेत्रानं विचारलं. “एकाच ताटात?”

“ताट एकच असतं. तीच तर पद्धत आहे.”

पद्धत त्यांना पाठ होती, कारण ती इंग्रजीत त्यांनीच लिहून काढली होती. अवधूत चार वर्षांपूर्वी युनिव्हर्सिटीच्या अभ्यासासाठी बालीतल्या करांगासमच्या डोंगरात गेला, भातशेतीचं पाणी गावानं मिळून वाटून घ्यायची तिथली रीत बघायला. तिला सुबाक म्हणतात. त्यानं पहिल्यांदा फोनवर ते सांगितलं तेव्हा चंद्रहासांचे वडील शांतारामअण्णा जिवंत होते. धुळ्याकडे पांझरेकाठी, बंधाऱ्याचं पाणी गावानं वाटून घ्यायच्या फडावर वाढलेला माणूस. ऐकून म्हणाले होते, “म्हणजे आपला फडच की रे. ह्यांनी फक्त त्याला देऊळ बांधलंय.” अवधूत त्या एका वाक्यावर तिथेच राहिला, असं सुनेत्राचं म्हणणं. कादेकमुळे राहिला, असं कौमुदीचं. त्यानं कादेकशी लग्न केलं आणि तिच्या घराच्या आवारात पाहुणे घ्यायला सुरुवात केली. पाहुण्यांनी चिखलात उतरून रोपं लावायची, पाटाचं पाणी कसं वाटतात ते बघायचं, चुलीपाशी बसून मसाला वाटायचा आणि शेवटच्या दिवशी मेगिबुंग: भाताचा एक मोठा ढीग, भोवती आठ माणसं मांडी घालून, हातानं, आपापल्या समोरचं जेवायचं. आणि सगळ्यांचं होईपर्यंत कुणी उठायचं नाही.

हे जगाला विकायचं काम टूनगॅबीतून चाले. ‘वन प्लॅटर, वन वॉटर’ हे नाव चंद्रहासांचं. विमा कंपनीत तीस वर्षं पॉलिसीच्या मागची बारीक अक्षरं लिहिलेल्या माणसाला पहिल्यांदाच मोठ्या अक्षरांत लिहायला मिळालं होतं, आणि ते थांबायला तयार नव्हते.

“फोन लाव,” सुनेत्रा म्हणाली.

कौमुदीनं लावला. बंद. कादेकचा बंद. घरचे आणखी दोन नंबरही बंद.

“असं कसं सगळ्यांचं बंद असेल?” सुनेत्राचा आवाज चढला. “अहो, काय झालंय तिकडे?”

आणि तेव्हा चंद्रहासांना आठवलं. आपला पाडवा तो त्यांचा न्येपी. शक एकच, एकोणीसशे बेचाळीस. आपण नवं वर्ष गुढी उभारून सुरू करतो, ते मौनानं. सकाळी सहापासून दुसऱ्या सकाळी सहापर्यंत बेटावर दिवा नाही, चूल नाही, रस्त्यावर माणूस नाही, विमान नाही, मोबाईलवर नेट नाही. तिकडचे सहा म्हणजे सिडनीचे नऊ. हे सगळं त्यांनी स्वतः पानभर लिहिलं होतं, मागे चांदण्यांचा फोटो टाकून. फक्त ते त्यांनी पॅकेज म्हणून लिहिलं होतं. त्याला तारीखही असते आणि ती आज आहे, हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं.

“न्येपी,” ते म्हणाले.

“उद्या सकाळी लागेल मग फोन,” सुनेत्रा म्हणाली. “उद्या सांगू. एका दिवसानं काय...”

“उद्या सकाळी ताट आहे, आई,” कौमुदी म्हणाली.

सहा पाहुणे अजून तिथे अडकलेले होते, चार इकडचे, दोन डच. विमानं रद्द झालेली. अवधूतनं परवाच हसत सांगितलं होतं की कार्यक्रम ठरल्याप्रमाणे करतोय, लोकांना तेवढंच बरं वाटेल. मौन सुटल्यावर पहिलं जेवण मोठ्या ताटात. आणि त्या ताटाला अवधूतची जागा ठरलेली, घरचा जावई म्हणून पेकाकच्या शेजारी. पेकाक म्हणजे कादेकचे आजोबा. वय एक्याऐंशी, गावच्या पाण्याचे मुख्य, आणि साठ वर्षं लवंगेच्या सिगरेटी ओढून फुप्फुसांत जेमतेम चिलमीपुरती जागा राहिलेली.

“सहाला फोन चालू होतील ना त्यांचे?” सुनेत्रानं विचारलं. “ताट काय सहाला मांडणार आहेत?”

चंद्रहास गुढीकडे बघत राहिले.

“बाबा.”

“फोन टोपलीत ठेवतात,” ते म्हणाले. “सगळ्यांचे. घरच्यांचेसुद्धा. आणि परत देतात... ताटानंतर.”

“सहाला देतात. दादानं मला सांगितलंय, सहाला देतात.”

“द्यायचे. मी बदलून घेतलं. जरा ताणावं म्हटलं. म्हणजे अनुभव अखंड राहतो.”

“कुणाचा?” सुनेत्रानं विचारलं.

चंद्रहास आपला फोन आणायला आत गेले.

पुढचे दोन तास तिघांनी जे जे सुचेल ते केलं. चंद्रहासांनी परदेशी अडकलेल्या ऑस्ट्रेलियन लोकांसाठीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला; एका बाईच्या रेकॉर्ड केलेल्या, फारच शांत आवाजानं त्यांना सांगितलं की आपला फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. सुनेत्रानं अवधूतला मेसेज पाठवले, एकामागून एक, अकरा. आजोबांजवळ बसू नकोस. ताटाला बसू नकोस. तुला ताप आहे का. वाचलास की फोन कर. प्रत्येकाखाली एकच करडी खूण उमटून थांबली. ती एका वृद्धाश्रमात कामाला होती. तिथे सोमवारपासून म्हाताऱ्यांना भेटायला येणाऱ्यांना काचेपलीकडे उभं करत होते, आणि काल एक आजोबा काचेला हात लावून बसून राहिले होते, हे तिनं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. आत्ता सांगितलं, मध्येच, कुणी न विचारता.

“काचसुद्धा नाही त्यांच्यामध्ये,” ती म्हणाली. “हाताला हात लागतो त्या ताटात. मी जेवल्येय ना. मला आवडलं होतं हो ते. तुम्हाला वाटतं मला काहीच आवडत नाही तिथलं.”

कौमुदी जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसली होती. बुकिंगचा ईमेल पत्ता दोघांचा मिळून होता, तिचा आणि बाबांचा. ती वाचता वाचता थांबली. वर पाहिलं. चंद्रहासांनी तिची नजर चुकवून फळांच्या परडीतलं एक केळं उचललं आणि पुन्हा ठेवलं.

“काय गं?” सुनेत्रानं विचारलं.

“काही नाही,” कौमुदी म्हणाली. “सुरक्षिततेच्या पानावर आरोग्य केंद्राचा लँडलाइन नंबर आहे. कादेकनं घातलेला. न्येपीलासुद्धा इमर्जन्सी चालू असते.”

“पण बोलणार कोण? त्यांना इंग्रजी...”

“मी. मला येतं की. नववीपर्यंत इंडोनेशियन होतं.”

“तुला ते फ्रेंचचा वर्ग भरला म्हणून दिलं होतं!”

“दिलं होतं ना पण?”

फोन लागला. पलीकडे एक बाई कुजबुजत बोलली. दवाखान्यातही त्या दिवशी आवाज चढवत नसावेत. कौमुदीनं पाठ सरळ केली, शाळेत उभी राहायची तशी. अडखळत, बोटांनी हवेत शब्द शोधत ती बोलत राहिली. ‘साकित’ म्हणजे आजारी, एवढं चंद्रहासांनाही कळत होतं. मग ‘जांगान माकान बरसामा’, एकत्र जेवू नका. हे तिनं चार वेळा म्हटलं, प्रत्येक वेळी जरा हळू, शेवटी तर लहान बाळाला सांगावं तसं. अवधूत. कादेक. पेकाक. गावाचं नाव. ‘बेसोक’, उद्या.

“ती विचारतेय, किती जण जेवायला आहेत,” कौमुदी फोनवर हात ठेवून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “मी नीट सांगितलं ना? मला फक्त मांजराबद्दल नीट बोलता येतं. आमचा धडाच मांजराचा होता.”

“पुन्हा सांग,” सुनेत्रा म्हणाली.

तिनं पुन्हा सांगितलं. शेवटी पलीकडून ‘या, या’ आलं, म्हणजे हो, हो, आणि एक शब्द: पेचालांग. काळ्यापांढऱ्या चौकड्यांची लुंगी नेसून न्येपीला गावभर गस्त घालणारी माणसं. बाहेर पडायची परवानगी फक्त त्यांनाच.

“म्हणजे ते जाऊन सांगतील?”

“बहुतेक.”

“बहुतेक म्हणजे?”

“आई, ती हो म्हणाली. पण दादाच म्हणतो ना, तिथे नाही म्हणणं उद्धटपणाचं असतं म्हणून लोक सगळ्यालाच हो म्हणतात.”

दुपारी पुरणपोळ्या झाल्या, कारण पुरण शिजलं होतं. कुणी खाल्ल्या नाहीत. चंद्रहास परसात गुढीखाली जाऊन उभे राहिले. शेजारच्या घरात कुणीतरी खोकलं. आठवड्यापूर्वी ते कुणाच्या कानावरही आलं नसतं. आता त्यांनी मोजलं. तीनदा.

मागून कौमुदी आली आणि दोन हातांवर थांबली.

“भास्करकाकांना तू सात एकतीसला उत्तर पाठवलंयस.”

त्यांनी गुढीचा दोर पुन्हा घट्ट करायला घेतला.

“मी सव्वासातला घाटात होते. मला फोन केला असतास तर मी गाडी बाजूला घेऊन दादाला लावला असता. पावणेदोन तास होते, बाबा. दादा तेव्हा जागा होता. साडेसातला त्यानं मला पाडव्याचा मेसेज पाठवलाय. मिरच्यांचा फोटोसुद्धा.”

“गुढी व्हायची होती.”

“हो.”

“सणाच्या सकाळी...”

“बाबा, तीस वर्षं विम्यात काढलीस रे तू.”

जाळीच्या दारामागे सुनेत्रा उभी होती. ती किती वेळ उभी होती ते त्यांना कळलं नाही, पण पुरेसा वेळ असावी.

“तिकडच्यांचं मौन नऊला सुरू झालं,” ती म्हणाली. “तुमचं सव्वासातला.”

ती आत गेली. त्या संध्याकाळी सूर्य मावळायच्या आत गुढी उतरवायची राहिली. एकवीस वर्षांत पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी साडेआठपासून तिघं कोचावर बसून होते, मध्ये एकेक उशी ठेवून, कारण कौमुदी तशी बसवत होती. समोर टीपॉयवर फोन. टीव्हीवर आकडे चालले होते. आवाज बंद होता. देशातून सुनेत्राच्या आईचे, मावशीचे, मंडळाच्या गटाचे निरोप येत होते, सगळीकडे सगळं बंद झाल्याचे. प्रत्येक वेळी फोन थरथरला की सुनेत्रा पुढे वाकायची आणि मागे व्हायची.

नऊ वाजले. करड्या खुणा तशाच.

नऊ वाजून सहा मिनिटं.

“मांडलं असेल ताट,” सुनेत्रा म्हणाली. “केळीची पानं पुसत असतील. म्हाताऱ्याला आधी बसवतात.”

“आई, नको.”

नऊ अकराला सगळ्या खुणा एकदम निळ्या झाल्या, अकराच्या अकरा. आणि फोन वाजला.

पडद्यावर कादेक होती, तोंडाला फडकं बांधलेली. तिनं काही न बोलता फोन फिरवला. आवारात कोवळं ऊन होतं. ताट नव्हतं. अंगणभर लांब लांब केळीची पानं मांडली होती, प्रत्येकामागे एक माणूस, सहा गोंधळलेले पाहुणे आणि ओसरीच्या पायरीवर, सगळ्यांपासून दूर, पांढरा फेटा बांधलेले पेकाक. कुंपणाशी चौकड्यांच्या लुंगीतला एक माणूस पाठीवर हात बांधून उभा होता, सरकारी कामाला आल्यासारखा.

सुनेत्रानं तोंडावर पदर धरला.

“काल दुपारी आला तो,” कादेक इंग्रजीत म्हणाली. “खुणेनं सांगितलं सगळं, बोलायचं नव्हतं ना. आम्हाला आधी वाटलं कुणी वारलं.”

अवधूत भाताच्या लाकडी कोठारात होता, चार खांबांवर उभारलेल्या. त्याच कोठारावर चंद्रहासांनी लिहिलं होतं, ‘एक रात्र धान्याच्या कुशीत’. कादेकनं फोन शिडीच्या पायरीवर ठेवला आणि मागे सरकली. त्यानं वाकून उचलला. दाढी वाढलेली, डोळे जड.

“मी ठीक आहे,” तो म्हणाला. “थोडी कणकण आहे. चौदा दिवस इथेच. बाबाचं पॅकेज मलाच मिळालं.”

कुणी हसलं नाही.

“पण काल पहाटे मी पेकाकबरोबर कॉफी प्यायलो. साडेपाचला. शेजारी बसून.” त्यानं ओठ चावला. “भास्करकाकांचा मेल कधी आला, बाबा?”

“काल,” सुनेत्रा पटकन म्हणाली. “उशिरा पाहिला रे आम्ही. सणाची गडबड, तुमचं नेट गेल्यावर...”

चंद्रहासांनी तिच्याकडे पाहिलं. काल दिवसभर ती त्यांच्याशी बोलली नव्हती. आत्ताही त्यांच्याकडे बघत नव्हती. फोनकडे बघून, त्यांच्यासाठी, सरळ खोटं बोलत होती. कौमुदीनं खाली मान घातली. वाट मोकळी होती.

“सव्वासातला,” ते म्हणाले. “तिकडचे सव्वाचार. मी वाचला होता. गुढी झाल्यावर सांगू म्हटलं.”

अवधूतच्या मागे भाताच्या जुड्या लटकत होत्या. आता बोलेल, मग बोलेल म्हणून चंद्रहास वाट बघत राहिले, आणि ते बोलणं काय असेल याची जेवढी भीती वाटत होती, तेवढीच त्याच्या न बोलण्याचीही वाटू लागली.

“कॉफीच्या आधी सव्वा तास,” शेवटी तो म्हणाला. एवढंच.

खालून पेकाकनी काहीतरी विचारलं. अवधूतनं उत्तर दिलं, बरंच लांब. म्हाताऱ्यानं ऐकून घेतलं, कोठाराकडे बघून हात हलवला आणि दोन शब्द बोलला.

“काय म्हणतात?” सुनेत्रानं विचारलं.

“जेव म्हणतात. मी सुरू केल्याशिवाय कुणी हात लावत नाहीये.”

त्यानं फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि मांडीवर पान घेतलं. खाली अंगणात सगळे खाली वाकले. डच पोरीनं पहिला घास घेतला आणि मिरचीनं हा-हू करायला लागली. कुणीतरी हसलं, पाण्याचं भांडं पुढे सरकवलं. भात, हळदीतलं कोंबडीचं, वाटलेल्या मिरचीत कालवलेल्या शेंगा. अवधूत एक घास जेवला. दुसरा. मग थांबून त्यानं पानाकडे पाहिलं, बोटांना लागलेली मिरची चाटली, पुन्हा चाटली.

“कादेकनं आज घाईत मीठ विसरलंय वाटतं,” तो म्हणाला. “तिखटसुद्धा नाही. काहीच लागत नाहीये.”

कौमुदीचा हात उशीवरून पलीकडे गेला आणि तिनं आईचा दंड धरला, कालपासून पहिल्यांदा. भास्करच्या मेलमधलं चौथं कलम तिघांनाही पाठ होतं.

परसात गुढी कुरकुरली. अवधूत त्यांच्याकडे बघत होता, उत्तराची वाट बघत. खाली पायरीवर पेकाक आपला घास हातात तसाच धरून वर बघत होते.

“सावकाश जेव,” चंद्रहास म्हणाले. “कुणी उठत नाहीये.”